बाहुली कुणाच्या पोटात

रोस्का संपली तरी बाहुली निघाली नाही.

शेवटचा तुकडा माझ्या बाबांनी कापला. कापला म्हणजे सुरी नुसती टेकवली, कारण उरला होता तो तळहाताएवढा पाव आणि वर सुकलेल्या अंजिराचा एक काप. त्यांनी तो हातानं मोडला, चुरा बशीत पसरला आणि बशी सगळ्यांना दिसेल अशी तिरपी धरली. "नाही," ते म्हणाले, आणि मग तो चुरा खाऊन टाकला. जगबुडी आली तरी माझे बाबा एर्मिलो पाव वाया जाऊ देणार नाहीत.

टेबलाभोवती आम्ही सहा जण होतो. यंदा सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, फक्त आपली तीन मुलं, एक सून आणि मी, असं कुकाआजीचं फर्मान होतं. बाकी नातवंडं-पतवंडं दुसऱ्या दिवशी. माझी आई ओब्दुलिया तेव्हाच फणकारली होती, की घरचा सण आहे की कोर्टाची तारीख. पण तिलाही कारण ठाऊक होतं.

एरवी या सणाचं एवढं काही नसतं. रोस्का म्हणजे कड्यासारखा गोड पाव, आत चिनी मातीची इवलीशी बाहुली दडवलेली. ज्याच्या तुकड्यात बाहुली, त्यानं त्या वर्षी गव्हाणीतल्या देवबाळाचे मायबाप व्हायचं. दोन फेब्रुवारीला बाळाला नवे कपडे घालून चर्चमध्ये आशीर्वादाला न्यायचं आणि सगळ्यांना मक्याच्या पानात वाफवलेले तामाल खिलवायचे. तामाल टाळायला लोक बाहुली जिभेखाली दडवतात, गिळतातसुद्धा. आमच्या आटलिस्को गावात हे घरोघरी चालतं. पण नाताळच्या जेवणात आजीनं नवीनच काढलं होतं.

"डोळे चालले माझे," ती म्हणाली होती. "उन्हाळ्यापर्यंत उजेड कुठला नि अंधार कुठला एवढंच कळेल, म्हणतो डॉक्टर. बाळाची कुंची शिवणं आता माझ्याच्यानं होत नाही. तेव्हा यंदा ज्याच्या तुकड्यात बाहुली येईल, बाळ त्याच्या घरी जाईल. कायमचं. मी निवडलं तर तुम्ही तिघं माझ्याशी भांडाल. देवाला निवडू दे, मग भांडा त्याच्याशी."

बाळ म्हणजे आमच्या घराण्याचं बाळ. लाकडी, दोन वितीचं, काचेच्या डोळ्यांचं, डाव्या हाताचा अंगठा उडालेलं. आजीच्या सासूच्या आधीपासून ते या घरात होतं आणि माझी आई लग्न होऊन आल्यापासून, म्हणजे सत्तावीस वर्षं, त्याला तिनं न्हाऊमाखू घातलं होतं. आजी कपडे शिवायची, आई घालायची. बाळ आपल्याकडेच राहणार यात आईला कधी शंका नव्हती. नाताळच्या त्या घोषणेनंतर तिनं सासूशी तीन दिवस अबोला धरला आणि चौथ्या दिवशी राजम्यात इतकं मीठ घातलं की बाबा मुकाट्यानं आपल्या रोपवाटिकेत जाऊन केळी खाऊन आले.

आणि आता बाहुलीच नव्हती.

"कुणीतरी गिळली," आई म्हणाली. ती म्हणाली छताकडे बघून, पण सगळ्यांना दिशा कळली. तिच्या समोर सेनाइदाआत्या बसली होती.

सेनाइदाआत्या माझ्या बाबांची धाकटी बहीण. नऊ वर्षांपूर्वी, नवरा गेल्यावर, ती नव्या पंथात गेली. पाळक आब्दियास यांच्या सभेत बाप्तिस्मा घेतला, दागिने उतरवले, घरातल्या सगळ्या तसबिरी खोक्यात भरून आमच्या दारात आणून ठेवल्या. "मूर्ती आहेत या, वहिनी, मला नकोत," एवढं म्हणाली. त्या दिवसापासून आईनं तिच्या घरात पाऊल टाकलेलं नाही आणि आत्या आमच्याकडे येते ती फक्त आईला भेटायला, म्हणजे तिच्या आईला.

"वहिनी, माझ्याकडे बघून बोला," आत्या म्हणाली.

"मी कुठे कुणाचं नाव घेतलं, वन्सं? पण ज्याच्या घरी बाळ चालत नाही, त्याच्या तुकड्यात बाहुली आली तर तो काय करेल, हा विचार माणसाच्या मनात येतो."

"मला लपवायची गरज काय? आली असती तर सरळ सांगितलं असतं, नको म्हणून."

"आणि मला?" लेआंद्रोकाका चॉकलेटचा कप खाली ठेवत म्हणाला. "आता वहिनी माझ्याकडे वळणार. वळा, वहिनी. मीही लायक आहे." काका शेंडेफळ. दोन गल्ल्या सोडून त्याचा एक्स-रेचा दवाखाना आहे आणि जे फिल्मवर उमटत नाही ते नाहीच, असं तो गेली वीस वर्षं बोलत आलाय. चर्चमध्ये तो लग्न नि मर्तिकाला जातो आणि तेव्हाही बाहेर झाडाखाली उभा राहतो.

"तुम्ही तर हसत हसत गिळाल, भाऊजी," आई म्हणाली. "तुम्हाला बाळ म्हणजे लाकूड."

"देवदाराचं. चांगलं लाकूड आहे."

बाबांनी तोवर सगळ्यांचे कप गाळायला सुरुवात केली होती. स्वयंपाकघरातून चहाची गाळणी आणून एकेकाचं उरलेलं चॉकलेट एका पातेल्यात ओतत होते. निघाले ते दोन बदामाचे तुकडे. मग त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं, आजीच्या मांजराचं तोंड उघडून पाहिलं, त्यानं बोचकारलं.

"देवाचं काम पावात शोधताय तुम्ही लोक," आत्या म्हणाली. "विश्वास म्हणजे काय? जे दिसत नाही त्याची खात्री. गाळणीनं गाळून मिळणारी वस्तू आहे का ती?"

"थांब, थांब, ताई," काका म्हणाला. त्याला असलं काही मिळालं की तो फुलतो. "जे दिसत नाही त्याची खात्री. बाहुली दिसत नाही. म्हणजे तुझ्या मते बाहुली नक्की आहे."

"आहेच," आई म्हणाली. "कुणाच्या तरी पोटात."

"हे बघा, तुम्हा दोघींचं पहिल्यांदाच जमलं."

"चेष्टा नको, भाऊजी. मी काही पुरावा मागणारी नाही. माझा विश्वास आहे तो आहे. पण देव खूण देतो. माणसाला कळावं म्हणून देतो. आणि दिलेली खूण कुणी गिळून बसलं तर त्याला काय म्हणायचं?"

"अपचन," बाबा म्हणाले.

टेबलाच्या टोकाला, पाठीमागे गव्हाणीच्या देखाव्यात निजलेलं बाळ, अशी आजी बसली होती. पीठ लागलेला एप्रन अजून अंगावर. रोस्का तिनं एकटीनं केली होती, पहाटेपासून स्वयंपाकघराचं दार लावून, मलासुद्धा आत घेतलं नव्हतं. आता ती टेबलावरचे कण बोटांनी गोळा करत होती, आणि ते करता करता म्हणाली, "मी मागितलं होतं त्याच्याकडे. नाताळपासून रोज. मला एकदा सांग, बाळ कुणाकडे ठेवू. एवढंच. आयुष्यात दुसरं काही असं पदर पसरून मागितलं नाही. आणि तो काही बोलला नाही."

आजीचा आवाज कधी कापत नाही आणि तेव्हाही कापला नाही. नवऱ्याला पुरताना जी बाई पाद्र्याला 'जरा मोठ्यानं वाचा' म्हणाली होती, ती आता देवानं आपल्याला उत्तर दिलं नाही असं सांगत होती.

काकाला ते सोसलं नाही. त्याला आईचं दुःख बघवत नाही, म्हणून तो नेहमी चुकीच्या वेळी विनोद करतो. "आई, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. बाहुली चिनी मातीची आहे ना? चण्यापेक्षा जरा लांबट? एक्स-रेत स्वच्छ दिसेल. चला माझ्याकडे, एकेकाचं पोट बघतो."

"चला," आई उठलीच.

"वहिनी, मी गंमत करत होतो."

"मी नाही करत. अहो, उठा. वन्सं, चला. की भीती वाटते?"

"मला कसली भीती," आत्या म्हणाली आणि शाल घेतली. "पण मग लेआंद्रोचाही काढायचा. त्याचा कोण काढणार?"

"मी," बाबा म्हणाले. "बटण तर दाबायचं असतं."

अशा रीतीनं सणाच्या दिवशी, संध्याकाळी पाचच्या सुमाराला, आमच्या घरातली चार शहाणीसुरती माणसं देवाची इच्छा पोटात पाहायला निघाली. फाटकाबाहेर न विकलेल्या नाताळफुलांच्या लाल कुंड्यांची रांग होती. तिच्यातून वाट काढताना आई सगळ्यांच्या पुढे, आणि बाबा सगळ्यांत मागे, मांजरानं बोचकारलेलं बोट चोखत. मी आजीजवळ थांबले.

*

दवाखान्यात काय झालं ते लेआंद्रोकाकानं मला फार पुढे सांगितलं. तेही एकदा पिऊन, तेव्हा थोडंफार इकडचं तिकडे असेल.

सुटीचा दिवस, आत कुणी नाही. बाबांनी बटण दाबायच्या आधी काकाला तीन वेळा विचारलं की शॉक बसतो का. काकाची फिल्म धुऊन निघाली, स्वच्छ. आत रोस्का आणि वायू, असं काका म्हणाला. आईनं ती फिल्म उजेडाला धरून इतका वेळ पाहिली की काकाला लाज वाटायला लागली.

मग आत्याची पाळी. "अंगावर धातूचं काही असेल तर काढ, ताई," काका नेहमीच्या सवयीनं म्हणाला.

"माझ्या अंगावर कुठलं आलंय सोनंनाणं," आत्या अभिमानानं म्हणाली. "नऊ वर्षं झाली."

तो फिल्म घेऊन अंधाऱ्या खोलीत गेला. लाल दिव्याखाली पाण्यातून फिल्म वर काढताना त्याला कमरेच्या पातळीवर डाव्या बाजूला एक पांढरा ठिपका दिसला. त्याला हसू आलं. सापडली चोर, असं वाटलं त्याला. बाहेर येऊन त्यानं फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि त्याचं हसू जागीच राहिलं.

ते चिनी मातीचं नव्हतं. चिनी माती इतकी कडक पांढरी दिसत नाही. ती धातूची लांबट चकती होती, वर कडी, आणि कडीला तारेचे तीन वेढे. रोपं काठीला बांधायची तार. कडी तुटली तेव्हा बाबांनी, म्हणजे त्याच्या बाबांनी, दोन्ही हातांच्या नखांनी ते वेढे पिळले होते आणि सहा वर्षांचा लेआंद्रो शेजारी उभा राहून बघत होता. देवमातेचं पदक. आजोबांच्या गळ्यात जन्मभर होतं. ते त्यांच्याबरोबर शवपेटीत गेलं असं सगळ्या घराला वाटत होतं. आत्यानं ते परकराच्या नाडीजवळ आतून टाचलं होतं. इतक्या वर्षांच्या सवयीनं ती ते विसरूनही गेली होती.

काका म्हणतो, मी हजारो पोटं पाहिली, पण माणसाचं मन फिल्मवर उमटलेलं तेवढं एकदाच पाहिलं. आणि वाटलं, आपण कुणाच्या तरी खोलीत न विचारता शिरलो.

त्यानं फिल्म पेटीवरून ओढून काढली, पाकिटात घातली आणि पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं. "काही नाही," तो म्हणाला. "ही पण स्वच्छ."

आत्या पडद्यामागून बटणं लावत आली. चालता चालता तिचा हात कमरेशी गेला आणि तिथेच थांबला. चेहरा उतरला. "काहीच नाही?" तिनं विचारलं.

"बाहुली नाही," काका हळू आवाजात म्हणाला. "बाकी जे दिसलं ते माझ्या धंद्यात दिसलं, ताई. ते दाराबाहेर जात नाही."

आत्यानं त्याच्या दंडाला धरलं. एवढंच. पुरावा पुरावा करत मोठ्या झालेल्या माणसानं हातातला पुरावा दडवला आणि वर खोटं बोलला, आणि त्याला, तो म्हणतो, मुळीच वाईट वाटलं नाही.

पण दारात माझी आई उभी होती. ती बाबांच्या बोटाला पट्टी मागायला आली होती. काकानं फिल्म ओढायच्या आधी तिला तो पांढरा ठिपका दिसला होता. लांबट, चण्यापेक्षा जरासा मोठा, पोटाच्या खालच्या अंगाला.

*

इकडे आमच्या घरी मी कप गोळा करत होते. आजीनं नाक पुसायला एप्रनच्या खिशातून रुमाल काढला आणि ती जागीच थिजली.

"काय झालं, आजी?"

"काही नाही. रुमाल." तिनं रुमाल परत खिशात कोंबला. "जा, कप धू."

खरं काय ते तिनं मला मार्चमध्ये सांगितलं, डोळ्यांपुढे सगळं धूसर झाल्यावर. पीठ मळताना बाहुली ओट्यावरून घरंगळली तर आपल्याला दिसायची नाही, म्हणून तिनं ती रुमालाच्या टोकाला बांधून खिशात ठेवली होती. कडं वळताना पावात दडपायची म्हणून. मग यीस्ट फुगेना, त्या काळजीत ती विसरली. एकोणऐंशी वर्षांच्या आयुष्यात साठ-एक रोस्का केल्या असतील, कधी असं झालं नव्हतं. ज्या वर्षी देवाला उत्तर मागितलं त्याच वर्षी त्याला बोलायचं तोंडच ठेवलं नाही.

आधी तिला हसू आलं. बिचारा, त्याच्यावर रुसून बसले होते. मग लाज वाटली. मुलं आणि सून तिकडे एकमेकांची पोटं तपासताहेत आणि चोर इथे बसलाय, एप्रन घालून.

आणि मग, ती म्हणाली, मला मोह झाला गं. बाहुली हातात, तू आत कप धुवायला गेलेली, टेबलावर तुकड्यांचा चुरा पडलेला. कुणाच्याही बशीत टाकता आली असती. ओब्दुलियाच्या टाकावी? सत्तावीस वर्षं केलंय तिनं. एर्मिलो मोठा, पण तो बाळाला कुंडीत लावेल. लेआंद्रोच्या टाकली तर निदान वर्षातून एक दिवस तरी तो चर्चच्या आत येईल. सेनाइदाच्या... सेनाइदाच्या बशीपाशी तिचा हात थांबला. नऊ वर्षं ती मुलगी या घरात पाहुण्यासारखी येते, खुर्चीच्या कडेला बसते, आणि बाळाकडे पाठ करून बसते. पाठ करून बसणारं माणूस, आजी म्हणाली, ते कुठे बसलंय हे चांगलं ओळखून असतं.

तरी तिनं टाकली नाही. देवाच्या नावावर आपण उत्तर लिहिणं बरं नाही, असं तिनं ठरवलं. आली मंडळी की सरळ सांगायचं, माझी चूक झाली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा. पुढच्या वर्षी दिसत नसलं तरी हातांना कळेल. बाहुली तिनं मुठीत घेतली आणि वाट बघत बसली.

*

परतताना आई बाबांच्या बरोबर चालत होती आणि तिला बाबांचं एकही वाक्य ऐकू येत नव्हतं. हे तिनं स्वतः सांगितलं, आणि आई स्वतःबद्दल सहसा काही सांगत नाही.

तिनं पाहिलं होतं. बाहुली सेनाइदाच्या पोटात होती. भाऊजींनी बहिणीसाठी लपवली होती. दोघं भावंडं एक झाली होती, नेहमीसारखी. आणि गंमत म्हणजे त्यांचं लपवणं हिच्याच फायद्याचं होतं. बाहुली सापडली नाही तर बाळ कुठे जाणार? कुठेही नाही. राहील जिथे आहे तिथे, गव्हाणीत, आणि दोन फेब्रुवारीला ती त्याला न्हाऊ घालेल, सत्तावीस वर्षं घालत आली तशी. फक्त गप्प बसायचं.

कोपऱ्यावरच्या चर्चपाशी तिनं सवयीनं छातीवर क्रूस काढला. निम्मा काढून हात थांबला.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही जरा गप्प बसता का?" बाबा बोटाची पट्टी नीट करू लागले.

खूण देतो तो, असं मीच तासाभरापूर्वी त्या टेबलावर ठणकावून सांगितलं होतं, आई म्हणाली. मग खूण दिली, ती मला एकटीला दाखवली, आणि ती माझ्या मनासारखी नव्हती. आता मी ती गिळली तर माझ्यात आणि वन्संत फरक काय राहिला? रस्ताभर तिनं देवाशी भांडण केलं. तिला का म्हणून? ती तर तुझ्याकडे बघतही नाही. फाटकापर्यंत भांडली. कुंड्यांच्या रांगेतून येताना तिनं एका कुंडीला लाथ मारली, चुकून, असं ती म्हणते.

*

सगळी पुन्हा टेबलाभोवती बसली. आजी खुर्चीत तशीच होती, उजवी मूठ मांडीवर.

"बघितलीत पोटं?" तिनं विचारलं. "आता माझं ऐका."

"आई, आधी मला बोलू द्या," माझी आई म्हणाली. ती बसली नव्हती. खुर्चीच्या पाठीला दोन्ही हातांनी धरून उभी होती. "नंतर माझी हिंमत होणार नाही. बाहुली वन्संकडे आहे. मी फोटोत पाहिली, माझ्या डोळ्यांनी. इथे, कमरेपाशी. भाऊजींनी लपवला फोटो. देवानं सेनाइदाला निवडलंय. मला पटलेलं नाही, पण मी पाहिलं ते पाहिलं."

आणि मग ती रडायला लागली. माझी आई रडताना रागावल्यासारखी दिसते, त्यामुळे बाबांना क्षणभर कळलं नाही की पाणी आणावं की लपावं.

मी आत्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक. "वहिनी, ते जे होतं ते..." काका म्हणाला आणि थांबला. पुढे बोलायचं तर एकच गोष्ट बोलता आली असती. ती बोलली असती तर पदक टेबलावर आलं असतं, आठवड्याभरात पाळक आब्दियासच्या कानावर गेलं असतं, आणि नऊ वर्षं जी बाई मूर्तींच्या विरुद्ध ताठ उभी राहिली तिच्या परकरातली माता गावभर झाली असती.

"लपवला ना फोटो, भाऊजी?" आईनं विचारलं. "माझ्या डोळ्यात बघून सांगा."

"लपवला," काका म्हणाला. ते तर खरंच होतं.

आता सगळे आत्याकडे बघत होते. तिचा हात शालीखाली कमरेवर होता. त्या क्षणी मनात काय चाललं होतं हे मी तिला किती वेळा विचारलं. ती एकच सांगते. वहिनी रडत होती गं. ज्या गोष्टीवर तिचा जीव, ती ती स्वतःच्या हातानं मला देत होती, जे खरं वाटलं त्यासाठी. आणि मी काय, नाडीला टाचलेलं झाकत बसले होते. मला वाटलं, एवढं मोठं मन माझ्यासमोर उभं आहे आणि ते खोटं पाडायचं? जमलं नाही मला.

"हो," सेनाइदाआत्या म्हणाली. "माझ्याकडेच आली."

"गिळलीस?" बाबांनी विचारलं.

"गिळली."

"मग बाळ घ्याल घरी?" आईनं नाक पुसत विचारलं. "तुमच्यात चालतं का पण?"

"चालत नाही. पाळक येतील समजूत घालायला. सांगेन त्यांना, माझ्या आईचं आहे. सांभाळायला दिलंय." ती पहिल्यांदा वळली आणि गव्हाणीतल्या बाळाकडे नीट बघितलं. "पण वहिनी, मला त्याला कपडे घालता येत नाहीत. त्या हाताची बोटं अडकतात अस्तनीत, लहानपणी माझ्याकडून एकदा..."

"अंगठा तुम्हीच तोडलात ना? मला वाटलंच होतं." आईचं रडू थांबलं. "आधी डावा हात घालायचा. तेल बोटभर, जास्त नाही, रंग सुटतो. तुमच्या घरात ओल आहे का? न्हाणीघराला लागून ठेवू नका. राहू दे, तुम्हाला नाही जमायचं. मीच येते त्या दिवशी सकाळी. दर वर्षी येते. तामाल मात्र तुम्ही करायचे."

"वहिनी, तामालला चरबी कुठली घालता?"

"म्हणजे आता तेही मीच शिकवू?"

"शिकवा. या आदल्या दिवशीच."

बाबा आळीपाळीनं दोघींकडे बघत होते. नऊ वर्षांत या दोघींनी एकमेकींशी एवढी वाक्यं सलग बोललेली आमच्यापैकी कुणी ऐकली नव्हती, आणि ती चालली होती ओल आणि चरबीवर.

मी मात्र आजीकडे बघत होते. तिची मूठ टेबलावर आली होती. ती उघडली असती तर सगळं जागच्या जागी गेलं असतं. आई खोटी ठरली असती, आत्या खोटी ठरली असती, काका खोटा ठरला असता, आणि बाळ गव्हाणीतच राहिलं असतं.

"सेनाइदा," आजी म्हणाली. "खरंच तुझ्याकडे आली?"

"हो, आई."

"मला तुझं तोंड नीट दिसत नाही. तेव्हा तू म्हणतेस त्यावरच भागवते." तिचे डोळे भरले होते. "नाताळपासून मागत होते मी. बोलला एकदाचा."

मग तिनं मूठ तोंडाशी नेली, खोकल्यासारखं केलं, आणि समोरचं पातेलं, बाबांनी सगळ्यांचं चॉकलेट गाळून ठेवलेलं, ते उचलून तोंडाला लावलं. एक मोठा घोट. डोळे मिटून, मान वर करून, औषधाची गोळी घेतल्यासारखा. तो खाली उतरलेला मला तिच्या गळ्यावर दिसला.

"आई, काय करतेस? थंडगार आहे ते," काका उठला. "काही अडकलं का घशात? बघू."

"काही अडकलं नाही. बस." तिनं तोंड पुसलं आणि रिकामा रुमाल टेबलावर टाकला. "लेआंद्रो, तुझा तो कारखाना आठवडाभर बंद ठेव. आमच्यापैकी कुणाचं पोट आता तू बघायचं नाहीस."